वाटेखालची बिर्गित

"हात लावू नकोस माझ्या ताटलीला!"

गुन्वोरनं ताटली अशी भिरकावली की सिग्नेनं जीव ओतून ढवळलेली जवाची लापशी सगळी गाडीच्या चाकाजवळ धुळीत सांडली... आणि शेजारच्या गाडीचं कुत्रं ती चाटायला धावलं.

"टोलेफ, सांग तुझ्या बहिणीला! मला भूक लागली तर माझं मी करून घेईन. पोटातल्या पोराला उपाशी ठेवीन, पण त्या हातचं खाणार नाही. काय केलंय त्या हातांनी ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

टोलेफ बैलाचा पाय मांडीवर घेऊन फाटलेल्या खुराला डांबर लावत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. हातातली काडी तेवढी थांबली आणि मग परत फिरायला लागली... जणू त्या खुरापलीकडे जगात दुसरं काही नव्हतंच!

सिग्ने खाली बसली. ताटली उचलली, पुसली, ठेवून दिली. कुत्र्याला हाकललं नाही. कुणीतरी खाल्लं तेवढंच, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिच्या छातीत असा संताप उसळला की डोळ्यांपुढे अंधारी आली. तो संताप गुन्वोरवर नव्हता. गुन्वोर आई होती, तिची सहा वर्षांची पोर गेली होती, तिनं आरडाओरडा करायचा नाही तर कुणी करायचा? तो संताप त्या खाली घातलेल्या मानेवर होता! ती मान सिग्नेनं स्वतः घासून धुतली होती. आई गेली तेव्हा टोलेफ चार वर्षांचा होता आणि ती अकरा वर्षांची. तेव्हापासून ती त्याची बहीण होती, आई होती आणि त्याच्या अंगावर येणाऱ्या प्रत्येक माराची पाठही तिचीच होती.

पाच आठवडे. पाच आठवडे ती हे ऐकत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती.

"काय गं, आज पण कुत्र्याचीच चंगळ?" शेजारच्या गाडीतली म्हातारी योरानमावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. मावशी त्यांच्याच मुलखातली, समुद्रापलीकडच्या टेलेमार्कची, पण अमेरिकेत येऊन तिला चार वर्षं झाली होती. इंग्रजी यायची, म्हणून तांड्यात तिचा भाव होता.

"मावशी, तुम्ही तुमच्या चुलीकडे बघा."

"बघतेय ना. माझ्या चुलीत रानगव्याच्या गोवऱ्या जळतायत, तुझ्या चुलीत तूच. कशासाठी एवढं? मी त्या दिवशी बरीच मागे होते, काही दिसलं नाही मला. पण तुला ओळखते मी. तू पोरीचा हात सोडणारी बाई नाहीस."

"सोडला. मी सोडला. झालं समाधान?"

मावशीनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा डांबर लावणाऱ्या टोलेफकडे बघितलं. "बैलाचे खुर फार स्वच्छ ठेवतो हो तुझा भाऊ," एवढंच म्हणाली आणि गेली.

झालं होतं ते असं.

तांडा चोवीस गाड्यांचा, पश्चिमेला नव्या जमिनीकडे निघालेला. कप्तान प्रुइटचा नियम असा की आज जी गाडी सगळ्यात पुढे, ती उद्या सगळ्यात मागे, आणि मग रोज एकेक जागा पुढे सरकत चोवीस दिवसांनी परत पहिली. पुढे असणं म्हणजे काय, हे मागं चाललेल्यालाच कळतं! मागच्यांनी दिवसभर धूळ खायची. ती धूळ डोळ्यांत, नाकात, दुधात, पातळ कडक भाकरीच्या चवडीत, झोपलेल्या पोरांच्या पापण्यांवर. आणि आपली गाडी पुढे असायच्या दिवशी जो मध्येच थांबला त्याची जागा गेली... त्यानं बाजूला व्हायचं, बाकीच्या तेवीस जाऊ द्यायच्या आणि शेपटाला जाऊन लागायचं. अमेरिकन लोक हा नियम थट्टेवारी घ्यायचे, थांबायचे, हसत मागे जायचे. पण टोलेफसारखी नवी माणसं, ज्यांना भाषा येत नाही, ज्यांना सारखं वाटतं की आपण कुठेतरी कमी पडतोय... त्यांना तो पुढचा दिवस म्हणजे इभ्रतीचा वाटायचा.

त्या दिवशी टोलेफची गाडी पुढे होती. गुन्वोरला पाचवा महिना होता, सकाळपासून उलट्या करून ती आत पेटीवर आडवी होऊन झोपली होती. बिर्गित पुढच्या फळीवर बसून पाय हलवत होती. टोलेफ बैलांच्या डाव्या बाजूनं चाबूक घेऊन चालत होता, आणि सिग्ने दुसऱ्या बाजूनं, वीसेक पावलं मागे, झग्याच्या ओच्यात गोवऱ्या वेचत.

"आत्याऽ!" बिर्गित ओरडली होती. "आज आपण राजे ना गं? राजांना धूळ लागत नाही ना?"

"नाही लागत. पण राजे पाय हलवत नाहीत. नीट बस."

थोड्या वेळानं तिचा आवाज बदलला.

"बाबा, थांबा ना. मला जायचंय."

"मगाशी थांबलो होतो तेव्हा काय करत होतीस?"

"तेव्हा लागली नव्हती."

"अरे, थांबव क्षणभर," सिग्ने मागून म्हणाली. "लेकरू आहे."

"ताई, क्षणभर थांबलो की तेवीस गाड्या पुढे जातात. चोवीस दिवस वाट बघितलीय मी ह्या दिवसाची! बिर्गी, मार उडी. त्या अमेरिकन पोरी मारतात तशी. का बाळ आहेस अजून?"

"मी नाही बाळ!"

आणि तिनं उडी मारली.

त्या मैदानात वारा असा की बायकांचे झगे डोक्यावर जायचे, म्हणून सगळ्याजणी काठात शिशाच्या गोळ्या शिवायच्या. बिर्गितच्या काठात सिग्नेनंच शिवल्या होत्या. तो जड काठ गाडीच्या खुंटीत अडकला.

पुढचं चाक. मग मागचं चाक.

सिग्नेनं गोवऱ्या कुठे टाकल्या, ती कशी धावली, तिला आठवत नाही. पोरीनं 'आत्या' अशी हाक मारली की मारलीच नाही, हेही तिला आजपर्यंत नक्की सांगता येत नाही. एवढं आठवतं की तिनं तिला उचललं तेव्हा ती गरम होती आणि तिच्या केसांना धूळ नव्हती. पुढच्या गाडीतलं मूल ते... केसांना धुळीचा कणसुद्धा नव्हता!

गुन्वोर गाडीतून अक्षरशः पडत खाली आली. ती आधी किंचाळली नाही. तिनं विचारलं.

"कोण होतं तिच्याजवळ?"

टोलेफनं सिग्नेकडे बघितलं. फक्त बघितलं. चार वर्षांचा असताना दुधाचं मडकं फोडून तो असाच बघायचा तिच्याकडे, आणि ती बापाला सांगायची, मी फोडलं. त्या नजरेत काय विनवणी होती, काय भय होतं! आणि सिग्नेला त्या एका क्षणात टेलेमार्कचं ते अंगण आठवलं, निघायच्या दिवशी गुन्वोर दाराची चौकट धरून म्हणाली होती, "तुझ्या हट्टापायी येतेय टोलेफ. पण वाटेत तुझ्यामुळे माझ्या पोरीला काही झालं, तर तिथून पुढे तुझ्याबरोबर मी एक पाऊल टाकणार नाही." गुन्वोर बोलली की करायची. आणि ह्या ओसाड माळरानावर, पोटात पोर घेऊन, ती नवऱ्याला सोडून जाणार तरी कुठे होती? आणि न सोडता जगणार तरी कशी होती?

"मी होते," सिग्ने म्हणाली. "हात धरून उतरवत होते. माझ्या हातातून सुटली."

तेव्हा गुन्वोर किंचाळली.

पण खरा घाव पुढेच होता. कप्तान आला, टोपी काढली, मावशीमार्फत सांगितलं की पोरीला वाटेतच पुरायचं. वाटेच्या कडेला नाही, वाटेत... चाकोरीच्या मधोमध. वर खूण नाही, दगड नाही, काही नाही. मग सगळ्या गाड्या तिच्यावरून न्यायच्या, म्हणजे माती दगडासारखी बसते, वास राहत नाही आणि लांडगे उकरत नाहीत. तांड्यात सगळे तसंच करायचे. त्यांनी वाटेत कडेच्या उकरलेल्या कबरी बघितल्या होत्या... तिथे काय पडलेलं असतं तेही बघितलं होतं. दुसरा उपाय नव्हता.

आणि पहिली गाडी त्यांचीच होती.

मावशीनं गुन्वोरला घट्ट धरून ठेवलं होतं. टोलेफनं चाबूक उचलला, दोन पावलं गेला आणि मटकन खाली बसला. "मला नाही जमणार... ताई, मला नाही जमणार गं..." मागे तेवीस गाड्या, बैल फुरफुरतायत, ऊन चढतंय. कुणीतरी हाकायला हवीच होती. सिग्नेनं त्याच्या हातातला चाबूक ओढून घेतला. तिनं जन्मात कधी गाडी हाकली नव्हती. ती बैलांच्या तोंडाशी गेली, जुवाला हात घातला आणि बैलांवर अशी ओरडली की आपलाच आवाज तिला ओळखू येईना!

मागून गुन्वोरनं एवढंच बघितलं... नणंद चाबूक घेऊन ओरडतेय, आणि गाडी तिच्या पोरीवरून जातेय.

पाच आठवडे ती तेच बघत होती. उठताना, बसताना, सिग्नेनं पुढे केलेल्या प्रत्येक ताटलीत.

लापशी धुळीत सांडली त्याच दिवशी दुपारी मातीच्या भिंतींचा किल्ला दिसायला लागला. तांडा तिथे दोन दिवस थांबणार होता, चाकांच्या लोखंडी धावा ठोकायच्या होत्या, बैलांना चारा हवा होता. सिग्ने नदीवर कपडे आपटत होती. ती प्रत्येक कपडा असा आपटत होती की जणू त्यानंच काही केलंय. टोलेफ तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"बोल," ती वळली नाही. "खुर संपले का लावायचे?"

"ताई... किल्ल्यावर शिपायांचे कपडे धुणाऱ्या बायका आहेत. त्यांना अजून एक बाई हवीय. राहायला खोली देतात. मावशीला घेऊन गेलो होतो मी विचारायला..."

सिग्नेचे हात थांबले.

"कुणासाठी?"

"गुन्वोर म्हणते... ती म्हणते की ताई पुढे आली तर ती येणार नाही. सहावा महिना सरत आलाय ताई. तिचं मन शांत राहिलं पाहिजे. आपली नंतर भेट होईलच. मी घर बांधलं की पत्र पाठवीन, मग तू ये..."

ती उठली. ओला कपडा हातातच होता.

"परत बोल."

"ताई..."

"परत बोल म्हणते ना! माझ्या तोंडाकडे बघून बोल! मी चालत आले का नाही तुझ्याबरोबर? घरी तो बिचारा होड्या बांधणारा माणूस दोन वर्षं थांबला होता माझ्यासाठी, त्याला मी काय सांगितलं? भावाची बायको नाजूक आहे, पोर लहान आहे, मला जावं लागेल. तू म्हणालास म्हणून! आणि मग तुझं पाप मी माझ्या डोक्यावर घेतलं, रोज थुंकून घेतलं तोंडावर, आणि तू... तू मला इथे टाकून जातोस? खोली देतात म्हणे! काय उपकार!"

"हळू बोल, कुणी ऐकेल..."

"ऐकू दे! सगळ्या तांड्याला ऐकू दे!" तिनं ओला कपडा त्याच्या छातीवर मारला. तो हलला नाही. "पाच आठवडे मी वाट बघतेय टोलेफ. आज सांगेल, उद्या सांगेल. मला वाटलं, लहान आहे, घाबरलाय. लहान नाहीस तू! एकोणतीस वर्षांचा बाप्या आहेस!"

तो रडायला लागला. अगदी लहानपणी रडायचा तसा, खालचा ओठ आत ओढून. "तिला कळलं तर ती जगणार नाही ताई. मी तरी कसा जगतोय... रोज ते ऐकू येतं मला. 'मी नाही बाळ.' रोज! तू सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या."

आणि सिग्नेचा जीव, तो मेला मूर्ख जीव, परत एकदा विरघळला. तिला स्वतःचाच इतका राग आला की तिनं पाण्यात उतरून तोंड बुडवलं. वर आली तेव्हा ती शांत होती. भयानक शांत.

"नाही सांगणार. जा. आणि आजपासून मला ताई म्हणू नकोस. तुझी ताई तू इथे ठेवून चाललायस."

तिसऱ्या दिवशी सकाळी तांडा जुंपला. सिग्नेचं गाठोडं केवढं, दोन झगे, एक लोकरीची शाल, सुया. मावशी आली आणि तिच्यावर खेकसली.

"बैल पण नाही गं राहत असा उभा! खांद्याला जखम झाली की लाथ मारतो. तू बैलापेक्षा गरीब आहेस का?"

"मावशी, ती सुखी राहिली म्हणजे झालं."

"ती सुखी दिसतेय तुला?"

सिग्नेनं गाठोडं उचललं. गुन्वोर गाडीच्या मागच्या फळीवर बसली होती, पाय खाली सोडून, दोन्ही हात पोटावर. ती वाळली होती. गालांची हाडं वर आली होती. सिग्ने तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. टोलेफ जूं बांधत होता, त्याचे हात थांबले.

"येते मी," सिग्ने म्हणाली. "शेवटच्या महिन्यात डाव्या कुशीवर झोपत जा. मावशीला जवळ ठेव."

गुन्वोरनं पहिल्यांदा, पाच आठवड्यांत पहिल्यांदा, सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं.

"जा. पण जाता जाता एक सांग. मला ते कळल्याशिवाय ह्या पोराला जन्म देता येणार नाही. रोज विचार करते मी. तू तिला जन्मल्या दिवसापासून सांभाळलंस. तिचा हात कधी सोडला नाहीस. बर्फात नाही, जहाजावर नाही... मग त्या दिवशी का सोडलास? काय झालं होतं असं? काहीतरी असेल ना? सांग ना!"

ती भीक मागत होती. सिग्नेला हे अपेक्षित नव्हतं. शिव्यांची तिला सवय झाली होती, ह्याची नव्हती. तिनं गुन्वोरच्या खांद्यावरून टोलेफकडे बघितलं. त्यानं नजर फिरवली. तो बैलाकडे बघायला लागला!

मग सिग्नेच्या मनात काहीतरी तुटलं. ठीक आहे, तिला वाटलं. घे. सगळंच घे.

"काही झालं नव्हतं," ती म्हणाली, एकेक शब्द दगडासारखा ठेवत. "कंटाळा आला होता. सकाळपासून चालून दमले होते, ती सारखी हात ओढत होती. म्हणून सोडला."

गुन्वोरच्या तोंडातून एक आवाज निघाला, माणसाचा नसावा असा. तिनं फळीची कड धरली.

"खोटं!"

जूं जमिनीवर आपटलं. टोलेफ आला, चालत नाही, धडपडत.

"खोटं बोलतेय ती! तिच्या हातात हात नव्हताच! ताई वीस पावलं मागे होती, गोवऱ्या वेचत होती. पोरीला शू लागली होती गुन्वोर... बिर्गी म्हणत होती बाबा थांबा... ताई पण म्हणाली थांब. मी नाही थांबवली. मी म्हटलं उडी मार. मी म्हटलं बाळ आहेस का..."

तो तिच्या पायाशी बसला. आजूबाजूच्या गाड्यांचे आवाज एकदम बंद झाले. भाषा न कळणाऱ्या अमेरिकन बायकासुद्धा जिथल्या तिथे थांबल्या.

"का नाही थांबवलीस?" गुन्वोरनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"आपला... पुढचा दिवस होता."

"म्हणजे धुळीसाठी."

"गुन्वोर..."

"धुळीसाठी!"

तिच्या हाताला काय लागलं, तर लापशीचा लाकडी डाव. तिनं तो त्याच्या खांद्यावर मारला, पाठीवर मारला, डोक्यावर मारला, डाव मोडला तेव्हा मुठींनी मारलं. तो हात वर न करता मार खात राहिला. सिग्नेनं आयुष्यात पहिल्यांदा, त्याच्यावर मार पडत असताना, मध्ये पाठ घातली नाही. ती उभी राहिली आणि बघत राहिली. तिला रडू येत होतं, पण ती हलली नाही.

मग गुन्वोर धापा टाकत तिच्याकडे वळली.

"आणि तू! तू कोण गं माझ्यासाठी ठरवणारी? मला काय सोसवेल आणि काय नाही ते तू ठरवणार? मी माझी पोर गमावली आणि वर माझी एकुलती एक मैत्रीण पण गमावली, पाच आठवडे मी चुकीच्या माणसाला शाप देत होते... आणि तू मोठी सती होऊन गप्प बसलीस! देवाची भीती नाही वाटली?"

"शाप तू दिलेस!" सिग्ने पण ओरडली. आता ओरडलीच! "मी खाल्ले! माझी लापशी कुत्र्याला गेली रोज! मला नव्हतं रडायचं? माझी कुणी नव्हती ती? काठात शिसं मी शिवलं होतं गुन्वोर, मी! तो काठ अडकला! तुझ्या नवऱ्यानं उडी मारायला सांगितलं आणि माझ्या सुईनं तिला खाली ओढलं. मला वाटलं, शिव्या तरी मिळतायत, मिळू देत..."

गुन्वोरचा हात हवेतच राहिला.

"शिसं सगळ्याच शिवतात," ती हळूच म्हणाली. "मी पण शिवलंय."

तेवढ्यात कप्तान प्रुइट घोड्यावरून आला आणि मावशीला काहीतरी ओरडून बोलला.

"म्हणतो, तुमच्यासाठी तांडा थांबणार नाही, शेवटी लागा."

"सांगा त्याला, जा म्हणावं!" गुन्वोर म्हणाली. मावशीनं इंग्रजीत काय सांगितलं कुणास ठाऊक, पण कप्तान तोंड लाल करून निघून गेला. एकेक गाडी बाजूनं जायला लागली. चाकं करकरत होती. त्या करकरीकडे बघत बघत गुन्वोरचा चेहरा परत पांढरा पडला.

"सिग्ने," ती म्हणाली. नाव घेतलं तिनं! "तू हाकली होतीस ना गाडी. खरं सांग. आता खोटं बोललीस तर कधी बोलणार नाही तुझ्याशी. चाक... कुठून गेलं तिच्या? डोक्यावरून का..."

"कुठूनच नाही."

"काय?"

"मी जूं धरून उलटी चालत होते. पाठ वाटेकडे, डोळे खाली. खड्डा लहान होता गं, केवढीशी ती. मी बैल तिच्या दोन बाजूंनी काढले. एक उजवीकडून, एक डावीकडून. ते ऐकत नव्हते म्हणून ओरडत होते मी. चाकं पण दोन्हीकडून गेली, मातीला लागली नाहीत. मागच्या सगळ्यांनी वरून नेल्या, न्यायलाच हव्या होत्या. पण आपल्या गाडीची तिच्यावरून फक्त सावली गेली, गुन्वोर. आपलं चाक परत तिला लागू दिलं नाही मी."

गुन्वोरनं तोंडावर दोन्ही हात घेतले. ती रडायला लागली, आणि हे रडणं वेगळं होतं, त्यात आरोप नव्हता, फक्त पोर होती. सिग्ने तिच्याजवळ गेली, पण हात लावायचं धाडस होईना. गुन्वोरनंच तिचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नखं रुतली.

"मी माफ करणारी कोण," ती म्हणाली. "माफ तू मला करायचंस."

"आत्ता नाही जमणार मला."

"नको करूस आत्ता. राग राग कर. पण गाडीत बसून कर."

टोलेफ अजून खाली बसला होता. कपाळावर डावाचा वळ उठला होता. त्यानं नाक पुसलं आणि घाबरत घाबरत मान वर केली.

"मी एक म्हणू? आपल्याकडे करतात तसं... मुलगी झाली तर गेलेल्या लेकराचंच नाव ठेवतात. आपण पण बिर्गितच ठेवू. म्हणजे ती परत..."

"नाही!"

दोघी एकदम ओरडल्या. एका दमात, एका आवाजात, दोघींचे डोळे सारखेच पेटलेले!

"बिर्गित एकच होती," गुन्वोर म्हणाली. "ती तिथे आहे, वाटेखाली. तिच्या नावावर दुसरं पोर बसवून तुला मोकळं व्हायचंय? नाही होऊ देणार मी. रोज आठवशील तू तिला."

"ह्याला ह्याचं नाव दे," सिग्ने म्हणाली. "तिचं तिला राहू दे."

टोलेफनं मान हलवली. मग उठला, जूं उचललं आणि बैलांच्या मानेवर चढवलं. ह्यावेळी कुणी त्याच्या मदतीला गेलं नाही.

"चढ," गुन्वोर म्हणाली.

"चालते मी."

"चढ म्हटलं ना! पाठ मोडलीय माझी, टेकायला कुणीतरी हवं."

सिग्नेनं गाठोडं आत टाकलं आणि चढली. त्या फळीवर दोघी पाठीला पाठ लावून बसल्या. गुन्वोरची पाठ गरम होती, हुंदक्यांनी हलत होती. सिग्नेच्या मनातला राग गेला नव्हता. एवढ्यात जाणारही नव्हता. पण पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या अंगाला माणसाचं अंग लागलं होतं, आणि ती तशीच बसून राहिली.

शेवटची गाडी पुढे निघून गेली होती. तिची धूळ त्यांच्यापर्यंत यायला लागली.

"हाकू का?" टोलेफनं पुढून विचारलं. कुणाला विचारतोय ते त्यालाही माहीत नसावं.

गुन्वोरनं डोळ्यांवरची धूळ पुसली.

"हाक," गुन्वोर म्हणाली. "पण कुणी थांब म्हणालं, की थांबायचं."